सौदा किती मोठा करावा?
शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या 'सेबी'ने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स व ऑप्शन्समध्ये (शेअर किंवा निर्देशांकाच्या पुढील भावावर आधारित करारांमध्ये) व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी सुमारे ९३ टक्के लोकांना तोटा झाला. म्हणूनच अल्पमुदतीच्या सौद्यात नफ्याआधी तोट्याची मर्यादा ठरवावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

समजा, भांडवल २ लाख रुपये आहे आणि एका सौद्यात त्याच्या १ टक्क्याहून, म्हणजे २,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाही. शेअर ५०० रुपयांना घेऊन स्टॉपलॉस (तोटा वाढू नये म्हणून शेअर विकून बाहेर पडण्याचा आधीच ठरवलेला भाव) ४९० रुपयांवर लावायचा असेल, तर प्रत्येक शेअरमागे १० रुपयांची जोखीम होते आणि जास्तीत जास्त २०० शेअर घेता येतात. फ्युचर्समध्ये मात्र लॉट, म्हणजे एका सौद्यात एकत्रच घ्यावी लागणारी शेअरसंख्या, ठरलेला असतो. तो ७०० शेअरचा असल्यास तोच स्टॉपलॉस ७,००० रुपयांना पडतो, त्यामुळे मार्जिन (सौद्यासाठी ब्रोकरकडे ठेवावी लागणारी अनामत रक्कम) पुरेसे असले तरी असा सौदा सोडून द्यावा. गणित जुळावे म्हणून स्टॉपलॉस उगाच जवळ आणू नये, कारण बाजाराच्या नेहमीच्या चढउतारातच तो लागतो.

सौदा रात्रभर ठेवल्यास सकाळी सव्वानऊला भाव थेट स्टॉपलॉसच्या खाली उघडू शकतो, हे लक्षात घेऊन अशा वेळी शेअरची संख्या निम्मी ठेवावी.