मॉरिशसला नोकरीवर येताय? आधी विजेचं बघा

इथल्या एबेन भागातल्या आयटी कंपन्यांत आणि बँकांत पुण्या-मुंबईहून दर वर्षी नवी मंडळी येतात आणि पहिल्याच उन्हाळ्यात तेच ते प्रश्न घेऊन फोन करतात. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. परमिट, बँक खातं वगैरे तुमचा एचआर सांगेल.

येताना डोक्यात निळा समुद्र, हिरवा ऊस आणि स्वच्छ हवा असते. त्यात खोटं काही नाही, पण या बेटावरून जेवढे हरितगृह वायू बाहेर पडतात त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा एकट्या ऊर्जेचा आहे. वीज तयार करायला आणि गाड्या पळवायला जे जाळतो, ते. त्याखालोखाल कचरा: सगळ्या बेटाचा कचरा मार शिकोजच्या एकाच डेपोत पुरतात, तिथून मिथेन निघतो, तोही हरितगृह वायूच. झाडं यातलं फारच थोडं शोषून घेतात, म्हणून हिरवळ बघून भुलू नका. स्वतःचा कोळसा नाही, तेलविहीर नाही. साडेबारा लाखांच्या आसपास वस्ती, आणि इंधन सगळं जहाजानं. कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येत आलाय, तर पेट्रोल-डिझेल कित्येक वर्षं आपल्या मंगळूरच्या रिफायनरीतून यायचं. राजधानी पोर्ट लुईला गेलात की सेंट लुई आणि फोर्ट जॉर्जची जड तेलावर चालणारी वीजकेंद्रं बघून घ्या. तुमच्या घरातला दिवा तिथून लागतो.

कोल्हापूर-सांगलीकडच्यांना पुढचं लगेच कळेल. इथल्या साखर कारखान्यांनी 1957 पासूनच बगॅसवरची, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडांवरची, वीज ग्रिडला द्यायला सुरुवात केली. पण हंगाम जून ते डिसेंबर. बेल व्ह्यूसारख्या केंद्रात हंगामात बगॅस जाळतात आणि गाळप थांबलं की कोळसा. उकाडा चढतो तो नेमका त्यानंतर, जानेवारी-फेब्रुवारीत, कारण इथला उन्हाळा आपल्या हिवाळ्यात येतो. म्हणजे सगळ्या बेटाचे एसी घरघरायला लागतात तेव्हा बगॅस संपलेला असतो. वर्षातली सगळ्यात जास्त मागणी, 500 मेगावॉटच्या वर, याच दिवसांत येते. त्यात उसाखालची जमीन घटतेय, तिथं बंगले आणि मॉल उभे राहताहेत. 2030 पर्यंत 60 टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून काढायची असं सरकारनं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात पाव भागाचीही मजल मारलेली नाही.

आता घर. हे नीट वाचा, कारण नव्या माणसाचे पैसे जातात ते इथंच. सांगलीचं एक जोडपं आलं आणि फ्लिक-आँ-फ्लाकला समुद्रासमोरचा फ्लॅट घेऊन बसलं. पश्चिमेला अख्खी काचेची भिंत. एजंटानं सूर्यास्त दाखवला, बिल दाखवलं नाही. दुपारी तीनपासून घर भट्टीसारखं तापायचं, मग दोन्ही खोल्यांत रात्रभर एसी. सीईबीचे, म्हणजे इथल्या सरकारी वीज मंडळाचे, घरगुती दर टप्प्याटप्प्यानं चढत जातात, महावितरणसारखेच. वरच्या टप्प्यात गेलात की प्रत्येक युनिट महाग. शिवाय खाऱ्या वाऱ्यानं एसीचं बाहेरचं युनिट गंजलेलं, जाळीवर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागायची. असलं यंत्र जास्त वीज खातं आणि गार मात्र करत नाही. करार वर्षाचा, मधे सोडलं तर डिपॉझिट बुडालं. म्हणून सही करण्याआधी डिसेंबर ते मार्चची बिलं मागा. देत नसेल तर घर सोडा. पुन्हा सांगतो, उन्हाळ्याची बिलं मागा. ऑगस्टचं बिल दाखवून गळ्यात मारतात. गच्चीवर सोलर गीझर आहे का, आणि दोन्ही बाजूंनी वारा येतो का, हेही बघा.

पठारावरच्या क्युरपीपला एसी लागत नाही. साडेपाचशे मीटर उंची, सतत भुरभुर, कपडे वाळत नाहीत आणि जुलैत स्वेटर लागतो. ते सोसत नसेल तर रोझ हिल किंवा कात्र बॉर्न या गावांत घर बघा. तिथून मेट्रो आहे. एल अँड टीनं बांधलेली, 2020 च्या जानेवारीपासून लोक वापरताहेत, आता पोर्ट लुई ते क्युरपीप जाते आणि एक फाटा एबेनकडे वळतो.

तरी आपली माणसं आल्या आल्या गाडी घेतात, तीही जपानहून आलेली जुनी आणि मोठी. बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला दीड-दोन तासांत पोचता. एसयूव्ही कशाला लागते, देव जाणे. दुचाक्या धरून गाड्या आधीच सहा लाखांहून जास्त, म्हणजे दर दोन माणसांमागे एक, आणि सकाळी पोर्ट लुईच्या वाटेवर त्या सगळ्या तुमच्या पुढे असतात. इलेक्ट्रिक घेतली म्हणजे पाप धुतलं असंही नाही. रात्री चार्ज केलीत तर कोळसा नि तेलच जाळताय. गच्चीवर पॅनेल असतील आणि दिवसा चार्ज करता येत असेल तर जरूर घ्या. करसवलती दर बजेटला बदलतात, ऐकीव माहितीवर जाऊ नका.

किरकोळ गोष्टी. व्होल्टेज आपल्याइतकंच, पण सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, ब्रिटिश पद्धतीचे. मिक्सर आणा, प्लग इथं बदला. गॅसचा सिलिंडर 12 किलोचा.

इथले जुने मराठी, ज्यांचे पूर्वज कोकणातून एकोणिसाव्या शतकात आले, त्यांच्याशी ओळख ठेवा. 'यांचं मराठी आपल्यासारखं नाही' म्हणून नवे लोक फटकून वागतात, हे मला मुळीच पटत नाही. कुठल्या गल्लीत पाणी भरतं, कुठलं घर वाऱ्याचं, हे कुठल्याही एजंटापेक्षा त्यांना चांगलं ठाऊक. जानेवारी 2024 च्या बेलाल चक्रीवादळात पोर्ट लुईत गाड्या वाहून गेल्या. चक्रीवादळाचा इशारा चढत चढत तिसऱ्या वर्गाचा झाला की बाहेर पडायचं नसतं. तेव्हा भरलेला सिलिंडर, पाण्याची टाकी आणि चार्ज केलेला टॉर्च पहिला इशारा लागतानाच तयार ठेवा, कारण लाइन गेली की तुमच्या भागात परत कधी येईल ते वायरमनलाही सांगता येत नाही.