ऑनलाइन मराठी वर्गात मुलांना बोलतं कसं ठेवावं

इंदूरच्या मराठी घरांतल्या बऱ्याच मुलांना आजीचं बोलणं कळतं, पण त्यांचं उत्तर हिंदीत येतं. अशा मुलांना बाराखडीपासून सुरुवात करून दिली तर दुसऱ्याच आठवड्यात कॅमेरे बंद होतात. देवनागरी त्यांना शाळेच्या हिंदीतून आधीच येते. नवा असतो तो ळ, शिवाय ‘चार’ आणि ‘चाक’ यांतल्या च-चा फरक. तेवढी ओळख करून द्यावी आणि बोलण्याकडे वळावं.

वर्ग सहा जणांचा घ्या. झूमच्या फुकट खात्यावर बैठक ४० मिनिटांत तुटते, म्हणून आखणी ३५ मिनिटांचीच ठेवा. पहिल्या दोन मिनिटांत प्रत्येकाच्या तोंडून एक तरी वाक्य यायला हवं. जो तोवर गप्प राहिला, तो बहुधा शेवटपर्यंत गप्पच राहतो. प्रश्न आधी विचारा, पाच सेकंद थांबा, मग नाव घ्या. नाव आधी घेतलं की बाकीचे पाच जण सुटले!

एकसुरात म्हणवून घेणं ऑनलाइन जमत नाही. आवाज मागेपुढे पोहोचतात आणि नुसता गोंधळ ऐकू येतो. सगळ्यांचे माइक बंद ठेवून म्हणायला लावा, मग एकाचाच माइक उघडा.

मधली पंधरा मिनिटं जोड्यांची. सराफ्यातल्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या, दुकानाची दरपाटी दोन प्रतींत करा: एकीत गराडू (तळलेला कंद) आणि जिलेबीचे भाव, दुसरीत भुट्ट्याच्या किसाचा आणि साबुदाण्याच्या खिचडीचा. आपली पाटी दाखवायची नाही, ‘कीस केवढ्याला?’ असं विचारूनच रिकाम्या जागा भरायच्या. भाव मुद्दाम ५५, ७९, ८९ असे ठेवा. मुलं इथेच हमखास ‘पचपन’वर घसरतात, आणि पंचावन्न म्हटल्याशिवाय पाटी पुरी होत नाही. दहा-वीसचे सोपे आकडे ठेवले तर खेळ तीन मिनिटांत संपतो.

चुका सुधारताना हात आखडता घ्या. ‘माझी पुस्तक हरवली’ असं कुणी म्हणालं, तर ‘तुझं पुस्तक हरवलं? कुठे?’ असं विचारून गप्पा पुढे न्या. नपुंसकलिंग हिंदीत नसल्यामुळे ही चूक महिनोन्‌महिने येत राहणार. दर वेळी अडवलं तर मूल एका शब्दात उत्तरं देऊ लागतं. एका तासाला एकच चूक निवडा, बाकीच्या सोडून द्या.

गृहपाठ लेखी नको. घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न मराठीत विचारायचा, उदाहरणार्थ ‘आजी, तुझी शाळा कुठे होती?’, आणि उत्तर ३० सेकंदांच्या आवाजी निरोपात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. पुढचा तास याच उत्तरांनी उघडा. ज्या घरात मराठी बोलणारं कुणी नाही, त्या मुलाची दुसऱ्याच्या आजीशी फोनवर गाठ घालून द्या.

पालक शेजारी बसून उत्तरं कुजबुजत असतील, तर त्यांना पहिल्याच आठवड्यात खोलीबाहेर बसण्याची विनंती करा. सलग दोन तासांना न आलेल्या मुलाला रागावू नका. त्याच्या जोडीदारालाच निरोप पाठवायला सांगा, ‘तुझ्या पाटीवरचे भाव अजून राहिलेत.’