मुलाचा आवाज फुटतो तेव्हा
छान गाणाऱ्या मुलाचा आवाज साधारण १२ ते १५ व्या वर्षी फुटतो, आणि नेमकं तेव्हाच अनेकांचं गाणं सुटतं. कालपर्यंत काळी चारमध्ये (म्हणजे हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) सहज लागणारा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, अचानक चिरकतो, पोर बिचारं खट्टू होतं. अशा वेळी जुन्या पट्टीचा हट्ट नकोच. गुरुजींशी बोलून पट्टी हळूहळू उतरवा. पुढे ती काळी एकच्या आसपास स्थिरावू शकते. तारसप्तक (वरचे सूर) आणि जोरकस ताना काही महिने बाजूला ठेवा. तानपुऱ्यावर मध्य सप्तकात थोडा वेळच गाऊ द्या, घसा दुखला की लगेच थांबवा. स्पर्धा तर यंदा राहू द्याच! त्याऐवजी तबला किंवा हार्मोनियम शिकू द्या, हातावर ताल धरून बंदिशी म्हणून घ्या, भरपूर गाणं ऐकवा.