कॅमेऱ्याच्या काचेला चरा गेलाय? फोटोतले डाग असे काढा

फोन पडला, मागच्या कॅमेऱ्याच्या काचेला तडा गेला आणि आता प्रत्येक फोटोत काहीतरी पांढुरकं दिसतंय, असं असेल तर एडिटिंग अॅप उघडायच्या आधी तो डाग नेमका कसला आहे ते बघा. धुरकट पट्टा असेल तर त्याचा इलाज वेगळा आणि ठिपका असेल तर वेगळा, पण बहुतेक जण दोन्हीवर एकच इरेजर घासत बसतात आणि मग फोटो होता त्यापेक्षा वाईट झाला म्हणून वैतागतात.

आधी काच पुसा. हसू नका, कितीतरी वेळा तो बोटांचा तेलकटपणाच निघतो. चष्मा पुसायचं फडकं घ्या, काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि हलक्या हाताने पुसा. वरून लेन्स प्रोटेक्टर चिकटवलेला असेल तर तो काढून एक फोटो घ्या, चरे अनेकदा त्याच्यावरच असतात आणि खालची काच धडधाकट असते. टूथपेस्टने चरा जातो असे व्हिडिओ फिरत असतात, त्यांच्या नादी लागू नका, पेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात आणि काचेवरचं कोटिंग गेलं की कायमचं गेलं.

मग एक टेस्ट फोटो. दिवसा खिडकीपाशी पांढरा कागद धरा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या (सूर्य फ्रेममध्ये नको), मग फोन थोडा फिरवून दुसरा घ्या. दोन्ही फोटोंत ठिपका फ्रेममध्ये त्याच जागी असेल तर आत धूळ गेली आहे किंवा सेन्सरलाच (लेन्समागची उजेड टिपणारी चिप) काहीतरी झालंय. फोन उजेडाकडे वळवला की पांढुरका पट्टा वाढतो आणि उजेडाकडे पाठ केली की कमी होतो, असं असेल तर तो काचेवरचा चरा. ही काच लेन्सच्या इतकी जवळ असते की चरा स्वतः फोकसमध्ये येतच नाही, त्यावर पडलेला उजेड विखुरतो आणि फोटोभर पसरतो. रात्री दिव्यांच्या आसपास हिरवे ठिपके दिसतात आणि फोन हलवला की तेही सरकतात, ते लेन्सच्या आतल्या काचांमधलं परावर्तन, चांगल्या फोनमध्येही येतं, त्यासाठी दुकानात धावायची गरज नाही.

अजून एक, दोन-तीन कॅमेरे असलेल्या फोनमध्ये खराब कोणता ते शोधताना एकेका लेन्सवर बोट ठेवून बघा. कारण ३x दाबलं तरी कमी उजेडात फोन बऱ्याचदा मेन कॅमेऱ्याचाच फोटो कापून मोठा करून देतो आणि आपल्याला वाटतं टेली (लांबचं जवळ आणणारी) लेन्सपण गेली.

आता एडिटिंग. मूळ फोटोची कॉपी करून कॉपीवरच काम करा. फोटो दुसऱ्याने काढलेला असेल तर व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, साधा पाठवलेला फोटो इतका दाबलेला असतो की दुरुस्ती केलेली जागा लगेच उठून दिसते.

धुरकटपणा आधी, ठिपके नंतर. हा क्रम उलटा करू नका. धूसरपणा काढला की कॉन्ट्रास्ट वाढतो आणि जे ठिपके आधी दिसत नव्हते तेही वर येतात, शिवाय ठिपके आधी मिटवून नंतर रंग ओढलेत तर मिटवलेल्या जागेचा डाग पडू शकतो.

धुरकट फोटोत काळा रंग काळा राहिलेला नसतो, राखाडी झालेला असतो, तिथूनच सुरुवात करायची. स्नॅपसीड हे एडिटिंग अॅप फुकट आहे आणि या कामाला पुरेसं आहे. त्यात कर्व्ज (उजेड-अंधार बदलायची तिरकी रेष) उघडा, रेषेचं खालचं डावं टोक थोडं उजवीकडे सरकवा, केस आणि सावल्या परत काळ्या झाल्या की थांबा. आता चरा जर फोटोच्या एकाच कोपऱ्यात असेल तर बाकीचा फोटो उगाच गडद होतो, म्हणून वरच्या एडिट स्टॅकमधून (केलेल्या बदलांची यादी) व्ह्यू एडिट्समध्ये जा, कर्व्जवर टॅप करून ब्रशचं चिन्ह निवडा आणि फक्त धुरकट भागावर बोट फिरवा, इफेक्ट तेवढ्यापुरताच लागेल. ही सोय बऱ्याच जणांना माहीतच नसते आणि माझ्या मते अख्ख्या अॅपमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे. लाइटरूम हे दुसरं एडिटिंग अॅप वापरत असाल तर इफेक्ट्सखाली धूसरपणा काढणारं डिहेझ आहे, पण तो जपून, जास्त ओढला की चेहरे मातकट आणि आभाळ भडक निळं होतं.

मग ठिपके. स्नॅपसीडमध्ये हीलिंग (डाग आजूबाजूच्या भागाने भरणारं टूल) निवडा आणि आधी झूम करा, कारण ब्रश स्क्रीनवर तेवढाच राहतो, म्हणजे जितका झूम तितकी दुरुस्तीची जागा लहान. ठिपक्यावर एकदा टॅप करा, बोट ओढू नका. नाही जमलं तर खालच्या बाणाने मागे जाऊन जरा बाजूला टॅप करा. आभाळ, भिंत, रस्ता, साधा शर्ट इथे हे एका फटक्यात होतं. गुगल फोटोजमधला मॅजिक इरेजर मे २०२४ पासून पिक्सेल नसलेल्या फोनवरही फुकट मिळायला लागला आणि मोठ्या डागाला तो जास्त बरा, फक्त तो मागचं स्वतःच्या मनाने भरतो हे लक्षात ठेवा.

खरी कसोटी लागते ती डिझाइनवर. समजा लग्नाचा फोटो आहे आणि ठिपका नेमका पैठणीच्या पदरावरच्या मोरावर आलाय. हीलिंग तिथे आजूबाजूची जरीची नक्षी उचलून मोराच्या मानेवर चिकटवतं आणि मोराचा बदक होतो. इथे एका जागेची हुबेहूब नक्कल दुसरीकडे उतरवणारं क्लोन टूल लागतं, लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये फोटोपी (Photopea) हा एडिटर उघडा, क्लोन स्टॅम्प घ्या, ऑल्ट दाबून पदरावरच्या दुसऱ्या, धड असलेल्या मोराच्या त्याच जागी क्लिक करा आणि मग खराब मोरावर रंगवा. पदरावर नक्षी परत परत येते म्हणून हे जमतं, फक्त ज्या मोरावर उजेड तसाच पडलाय तोच निवडा. डोळ्यावर किंवा दातांवर डाग असेल तर मी तरी इरेजर लावत नाही, माणूस वेगळाच दिसायला लागतो. त्याच वेळचा दुसरा फोटो शोधा, नाहीतर जागा थोडी कमी-जास्त उजळ करून डाग दबेल तेवढा दाबा.

फोटोत आडव्याउभ्या रंगीत रेषा येत असतील तर काच बदलून काही होणार नाही. गणपतीच्या मिरवणुकीत किंवा लग्नाच्या डीजेसमोर लेझरचा झोत सरळ कॅमेऱ्यात गेला तर सेन्सर जळू शकतो आणि मग त्या रेषा कायमच्या राहतात. आभाळावरची रेष इरेजरने जाते, चेहऱ्यावरून गेलेली नीट जात नाही. मग फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि कलर फिल्टर बदलून बघा, एखाद्या फिल्टरमध्ये रेष बरीच दबते.

सहलीचे ढीगभर फोटो असतील तर एक नीट करा आणि लाइटरूममध्ये सेटिंग्ज कॉपी करून बाकीच्यांवर पेस्ट करा. धुरकटपणा प्रत्येक फोटोत उजेडाप्रमाणे बदलतो, त्यामुळे थोडं वरखाली करावं लागेलच.

काच बदलेपर्यंत फोटो काढताना उजेड पाठीमागे ठेवा, नाहीतर दुसऱ्या हाताने लेन्सवर सावली धरा, फक्त बोटं फ्रेममध्ये येऊ देऊ नका. खोल चरा असेल तर जुने फोटोग्राफर त्यात काळी शाई भरायचे, चऱ्यावरून उजेड विखुरत नाही म्हणून, पण फोनची लेन्स इतकी छोटी की शाई जरा पसरली तर सगळंच काळं. दुकानात गेलात तर आधी विचारा की फक्त कॅमेरा ग्लास बदलणार की पूर्ण कॅमेरा, नुसती काच बरीच स्वस्त पडते. आणि तडा गेलेली काच पावसाळ्याच्या आत बदलून घ्या, एकदा आत ओल गेली की लेन्सवर वाफ धरते आणि तो फोटो कुठल्याच अॅपने साफ होत नाही.