डॅशबोर्डवर दिवे लागले म्हणून लगेच गाडी विकायला काढू नका, आधी एवढं करा

गाडीत एकदम तीन-चार वॉर्निंग लाइट लागल्या की पोटात गोळा येतो, त्यात कोणीतरी म्हणतं मॉड्यूल गेलं, आता विकून टाका. थांबा जरा. हल्लीच्या गाडीत इंजिन, ब्रेक, एअरबॅग, स्टीअरिंग सगळ्यांचे वेगवेगळे कॉम्प्युटर (यांनाच मॉड्यूल म्हणतात) असतात आणि ते एकमेकांशी वायरीवरून बोलत असतात, त्यामुळे एकाला धड करंट मिळाला नाही की बाकीचे पण बोंबलायला लागतात.

म्हणून आधी बॅटरी. गाडी रात्रभर बंद ठेवा, सकाळी चालू करायच्या आत मल्टिमीटर लावा. साधारण १२.६ व्होल्ट आले तर चांगलं, १२.२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करून परत बघा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ दिसायला पाहिजे (स्मार्ट चार्जिंगवाल्या, म्हणजे गरजेप्रमाणे चार्जिंग कमी-जास्त करणाऱ्या गाडीत आकडा वरखाली होतो, त्याला घाबरू नका).

मग अर्थिंग. माझ्या गाडीत एबीएस आणि स्टीअरिंगच्या लाइट एकदमच लागल्या होत्या, एका गॅरेजवाल्याने थेट नवीन मॉड्यूलचं एस्टिमेट हातात ठेवलं. दुसऱ्याने बॉनेट उघडून बॅटरीपासून बॉडीला जाणारी जाड वायर हलवून बघितली, तर टोकाला हिरवट बुरशीसारखं जमलेलं आणि बोल्ट बोटाने फिरतोय! पॉलिश पेपरने घासलं, बोल्ट आवळला, झालं काम.

एवढं करूनही लाइट गेली नाही तर गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचा. बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली १६ पिनांचं ओबीडी (गाडीतले बिघाड तपासायचं) सॉकेट असतं, त्यात ब्लूटूथ स्कॅनर लावला की मोबाइलवर कोड दिसतात. पण कोड म्हणजे निदान नाही हो, फक्त लक्षण. पी०४२० आला की लोक सरळ कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा भाग) बदलतात, आणि खरा प्रॉब्लेम कधीकधी सेन्सर नाहीतर एक्झॉस्टच्या लीकेजचा निघतो, म्हणजे आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. यू ने सुरू होणारे कोड (म्हणजे कॉम्प्युटरचं आपसातलं बोलणं तुटल्याचे) ढिगाने आले तर वायरिंग किंवा करंटकडे बघा. कोड उडवायच्या आधी स्क्रीनशॉट घ्या, नाहीतर मेकॅनिकला दाखवायला काहीच उरत नाही. आणि ऑइलची नाहीतर ब्रेकची लाल लाइट लागली तर स्कॅनरबिनर राहू दे, गाडी बाजूला घेऊन बंद करा.

मॉड्यूल खरंच गेलंय? मग भंगारातलं जुनं आणायच्या आधी मेकॅनिकला विचारा की त्याचं तुमच्या गाडीसाठी कोडिंग होणार का, म्हणजे ते सॉफ्टवेअरने या गाडीला जुळवता येईल का. बऱ्याचदा ते आधीच्या गाडीच्या चासी नंबरला बांधलेलं असतं, नुसतं प्लग लावून चालत नाही.

आता गाडी ठेवायची की काढायची. माझ्या मते इंजिन किती चांगलंय यापेक्षा पार्ट मिळतो का आणि कोडिंग कोण करणार हे बघा. सीटखाली, कार्पेटखाली पाणी शिरून वायरिंग कुजायला लागलं असेल तर मोह सोडा, आज एक दुरुस्त कराल, उद्या दुसरं निघेल.

दुसरी जुनी गाडी घेताना तोच स्कॅनर घेऊन जा. कोड एकही नाही म्हणून खूश होऊ नका, स्कॅनरच्या ॲपमध्ये रेडीनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. बरेचसे ‘नॉट रेडी’ दिसले तर समजा की कोड नुकतेच उडवलेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला सांगा, काही दिवस चालवा, मग परत येतो. पुढच्या काचेला कॅमेरा असेल तर काच बदललीय का आणि नंतर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (तो परत अचूक जुळवणं) केलंय का ते विचारा. दोन्ही चाव्या मागा, इमोबिलायझरची (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची) नवीन चावी कोड करून घेणं महागात जातं.

आणि स्वतःची गाडी देताना स्क्रीनमधले कॉन्टॅक्ट, घरचा पत्ता उडवून फॅक्टरी रीसेट मारा, गाडीच्या कंपनीच्या मोबाइल ॲपमधून पण गाडी काढून टाका. घेताना उलटं, जुन्या मालकाला तुमच्यासमोर ॲपमधून गाडी काढायला लावा, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला घरबसल्या दिसत राहील.