बदक लंगडतंय, तळव्यावर काळी खपली: माझा अनुभव

घणसोली गावठाणात आमच्याकडे नव्याने आलेलं बदक उजवा पाय टेकवत नव्हतं. हाड शाबूत, पण तळव्याच्या मधोमध काळी खपली, भोवती सूज, पाय हाताला गरम. हळदीचा लेप पाण्यात धुऊन जायचा, नुसत्या मलमाने सूज हलेना. त्याची ती धडपड बघवत नव्हती.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी निदान केलं: बंबलफूट. कडक फरशीने तळवा सोलवटतो आणि आत जंतू शिरतात.

मग रोज याच क्रमाने: आधी टबात थोडं पोहू द्यायचं, पायावर भार येत नाही. नंतर कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, जेवणातलं मीठ नव्हे) घालून पाय १५ मिनिटं बुडवायचा. ते पाणी पिऊ द्यायचं नाही. बोटांमधल्या पडद्यासकट टिपून कोरडा करायचा. मग पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक, गॉजची छोटी घडी, वर सैलसर पट्टी. खपली नखाने अजिबात उचकटू नका, चिरा द्यायचा की नाही हे डॉक्टर ठरवतील. प्रतिजैविकही त्यांनीच वजन बघून दिलं.

खरा फरक पडला तो जमिनीमुळे. फरशीवर रबरी मॅट, वर भाताच्या पेंढ्याचा जाड थर. आपल्याकडच्या पावसात पेंढा लगेच दमट होतो आणि बुरशीने बदकाची फुप्फुसं बिघडतात, म्हणून तो रोज बदलायचा. आधी सूज उतरली, मग खपली आपोआप सुटून खाली गुलाबी कातडी दिसली.