कोल्हापुरात क्रॉनिक फटीगवर स्टडी करायचाय? आधी पेशंट कोण ते ठरवा

माझ्या वहिनीला क्रॉनिक फटीग, म्हणजे महिनोन्महिने न जाणारा थकवा आणि थोड्या कामानंतरही कोसळणं, हा आजार आहे, त्यामुळं डॉक्टरकीचं पीजी करणारी दोनतीन पोरं मला विचारून गेली की यावर थिसिस करायचाय, सुरुवात कुठनं करू. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

पहिल्यांदा आजाराची व्याख्या, म्हणजे कुणाला पेशंट धरायचं, ते ठरवा, प्रोटोकॉलमध्ये लिहा आणि मग अजिबात बदलू नका. १९९१ ची ऑक्सफर्ड व्याख्या घेऊच नका, तिच्यात सहा महिने थकवा असला की माणूस आत, मग डिप्रेशनवाला पण आत आणि कशानंतर त्रास होतो हे कुणी विचारतच नाही. १९९४ ची फुकुदा जरा बरी, पण आठपैकी चार लक्षणं असली की झालं, आणि कामानंतर कोसळणं हे त्या आठातलं फक्त एक, म्हणजे ते नसलं तरी चालतं! मी तर म्हणतो २००३ ची कॅनेडियन नाहीतर २०१५ ची अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनची घ्या, दोन्हीत ते कंपल्सरी आहे.

आता हे कोसळणं विचारायचं कसं, खरी मेख इथंच आहे. "दमल्यावर त्रास वाढतो का" असं विचारलं तर रंकाळ्याला रोज फेरी मारणारा धडधाकट माणूसपण हो म्हणेल. त्यापेक्षा विचारा, परवा धुणं धुतलं, मग काल कसं होतं, आज कसं आहे. वहिनी लक्ष्मीपुरीत बाजार करून आली की त्या दिवशी बरी दिसते, दुसऱ्या दिवशी उजेडपण सोसत नाही आणि पुढचे चारपाच दिवस गेले. आणि आपल्याकडच्या बायका "होतंय की काम" म्हणतात, कारण करायला दुसरं कुणी नसतं, म्हणून कुठलं काम सोडलं आणि काम झाल्यावर किती वेळ पडून राहावं लागलं ते विचाराच. डीपॉल युनिव्हर्सिटीचा प्रश्नसंच वापरा, त्यात त्रास किती वेळा आणि किती जोराचा हे वेगवेगळं मोजतात. मराठी केल्यावर दुसऱ्याकडून परत इंग्रजी करून घ्या म्हणजे कुठं अर्थ सुटला ते कळतं.

हिमोग्लोबिन, थायरॉईड, शुगर, बी १२, टीबी, झोपेत घोरून श्वास अडकणं हे सगळं आधी तपासा. रक्त कमी सापडलं तर लगेच बाद करू नका, उपचार करून परत बघा, थकवा गेला तर प्रश्न मिटला.

उभं राहिल्यावरचा त्रास बघायला आधी आडवं झोपवून नाडी-बीपी घ्या, मग भिंतीला टेकून १० मिनिटं उभं करा आणि दर मिनिटाला मोजा. बीपी फारसं न पडता नाडी ३० नं वाढून तशीच राहिली तर नोंद करा. शेजारी माणूस उभा ठेवा, चक्कर येते. सलग दोन दिवस सायकल मारायला लावायची टेस्ट मात्र थिसिससाठी नको, त्यानं पेशंट कित्येक दिवस खाली जातो.

तुलनेला तालमीतली पोरं घेऊ नका बरं का! वय, बाई-पुरुष जुळवा आणि बसून काम करणारेच घ्या, नाहीतर जो फरक दिसेल तो नुसता व्यायाम नसल्याचा.

रक्ताचे नमुने दोन्ही गटांचे एकाच पद्धतीनं गोळा करा, दोन्ही गटांचे आलटूनपालटून तपासा, लॅबवाल्याला कुणाचं कुठलं ते कळता कामा नये. २००९ मध्ये या पेशंटच्या रक्तात एक्सएमआरव्ही नावाचा व्हायरस सापडल्याचा केवढा गाजावाजा झाला, शेवटी लॅबमधली भेसळ निघाली आणि २०११ ला पेपर मागं घेतला. मधल्या काळात पेशंटनी लावलेली आशा, तिचं काय?

एथिक्स कमिटीची परवानगी आणि सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल स्टडींच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी पहिला पेशंट घ्यायच्या आधी. कोविडनंतर सुरू झालेल्यांची नोंद वेगळी ठेवा.

आणि नुसत्या सीपीआरच्या, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याच्या, ओपीडीवर बसून राहू नका. किमान चतुर्थांश पेशंट कधी ना कधी घरातच किंवा अंथरुणाला असतात, चंदगडची बाई एसटीनं येऊन तुमच्या लाईनीत उभी राहू शकली म्हणजे जास्त आजारी असलेल्या घरीच राहिल्या. त्यांच्या घरी जा, फॉर्म तीन तुकड्यात भरा, एका वेळी २० मिनिटं, मधे झोपू द्या आणि दोन दिवसांनी फोन करून विचारा, आमच्यामुळं त्रास वाढला का.